शेतीस जोड म्हणून मालमोटारीचा धंदा

शेतकऱ्याने केवळ शेतीवर विसंबून न राहता तिला एखाद्या जोडधंद्याचा आधार द्यावा, हा उपदेश आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आला आहे. दुभती जनावरे, कोंबड्या, गूळ, फळबाग यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. परंतु एक जोडधंदा असा आहे की, तो गावोगाव आपल्या डोळ्यांसमोर चालत असूनही त्याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडून दाखवितो. तो म्हणजे मालमोटार घेऊन भाडे करणे. ज्या गावी कांदा, टोमॅटो, ऊस किंवा द्राक्षे पिकतात त्या गावी दोनचार बागायतदारांच्या दारात तरी मालमोटार उभी असतेच. तिने कोणाचे घर वर आले, कोणाची जमीन गहाण पडली. एकाच धंद्याचे असे दोन निरनिराळे परिणाम का व्हावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बैलगाडी आणि मालमोटार

भाड्याचा धंदा शेतकऱ्यास नवा नाही. सुगी आटोपली व रब्बीची मळणी झाली म्हणजे गाडी जुंपून पेठेचे भाडे करणे हा आपल्या आजोबापणजोबांचा नेहमीचा क्रम होता. त्या धंद्यात त्यांस तोटा आल्याचे फारसे ऐकिवात नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. बैल शेतीसाठी ठेवलेलेच असत. त्यांचा कडबा शेतातच पिके. गाडी गावच्या सुताराने धान्याच्या बलुत्यावर दुरुस्त करून द्यावी, अशी रीत होती. तेव्हा भाड्याचे जे चार रुपये हाती येत ते जवळजवळ सर्वच नफ्याचे असत. शिवाय पावसाळ्यात भाडे नसले तरी बैल औतास उपयोगी पडत.

मालमोटारीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिचे खाणे शेतात पिकत नाही. ते पंपावर रोख पैसे मोजून घ्यावे लागते. ती औत ओढीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, ती दारात उभी असली तरी खातच असते. उभ्या गाडीचे व्याज चालू असते, विम्याची मुदत सरत असते, चालकाचा पगार चढत असतो व किंमत उतरत असते. बैलगाडीच्या सवयीने जो मालमोटारीचा हिशेब करील तो फसल्यावाचून राहणार नाही.

खिशातील पैसा म्हणजे नफा नव्हे

प्रस्तुत लेखकाने स्वतः ही चूक केलेली आहे. म्हणून ती सांगण्यास संकोच वाटत नाही. गाडी घेतल्यानंतरची पहिली दोन वर्षे प्रत्येक फेरीअंती चालकाने डिझेल, टोल व भत्ता वजा करून उरलेली रक्कम हाती द्यावी, आम्ही ती घरखर्चात टाकावी, आणि धंदा उत्तम चालला आहे असे समजावे, असा क्रम होता. हप्ता मात्र उसाच्या बिलातून जात असे. शेती आपली, गाडीही आपली. कोणत्या खिशातून कोणत्या खिशात गेले याची विचारपूस कोणी करावी? तिसऱ्या वर्षी विहिरीचा गाळ काढण्यास व ठिबकाच्या नळ्या बदलण्यास पैसे नाहीत असे दिसून आले, तेव्हा मुलाची शाळेची वही घेऊन बसलो. गाडीने शेतीला काही दिले नसून शेतीच दोन वर्षे गाडीला पोशीत होती, हे त्या रात्री कळले.

हा प्रकार कसा घडतो ते एका उदाहरणाने स्पष्ट करू. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून गोल धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, सुमारे सात टन माल नेणारी सहा चाकांची मालमोटार हौद्यासह २०,००,००० रुपयांस पडली. त्यांपैकी ५,००,००० घरचे व १५,००,००० कर्जाऊ, व्याज शेकडा साडेदहा, मुदत पाच वर्षे. दरमहा हप्ता सुमारे ३२,२५० रुपये येईल. गाडी वर्षात ४०,००० किलोमीटर चालते असे धरू. तिचा खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला, गाडी चालो वा न चालो, वर्षाकाठी येणारा बांधीव खर्च:

घसारा (आठ वर्षांनी ६,००,००० किंमत येईल असे धरून): १,७५,००० रुपये
व्याज (कर्जावरील पहिल्या वर्षाचे १,४५,००० व घरच्या भांडवलावरील ३५,०००): १,८०,००० रुपये
विमा: ६०,००० रुपये
कर, परवाना, योग्यता तपासणी इत्यादी: २५,००० रुपये
चालकाचा पगार: २,४०,००० रुपये
एकूण: ६,८०,००० रुपये

दुसरा, गाडी जितकी चालेल तितका येणारा चालू खर्च, दर किलोमीटरास:

डिझेल (९० रुपये लिटर, लिटरास ६ किलोमीटर): १५ रुपये
टायर (सहा टायर १,०८,००० रुपयांचे, ५४,००० किलोमीटर चालतील असे धरून): २ रुपये
तेल, ग्रीस, दुरुस्ती: २ रुपये
टोल, भत्ता, किरकोळ: ३ रुपये
एकूण: २२ रुपये

बांधीव खर्च ४०,००० किलोमीटरांवर वाटला असता किलोमीटरास १७ रुपये पडतो. म्हणजे गाडी एक किलोमीटर चालली की मालकास ३९ रुपये खर्च आला असे समजावे.

आता समजा, गावाहून वाशीच्या बाजारापर्यंतचे अंतर १५० किलोमीटर आहे. भाजीपाल्याचे भाडे १०,००० रुपये मिळाले व गाडी रिकामी परत आली. जाऊन येऊन ३०० किलोमीटर झाले. चालू खर्च ६,६०० रुपये वजा जाता मालकाच्या हाती ३,४०० रुपये पडतात, व तो खूष होतो. परंतु ३०० किलोमीटरांचा खरा खर्च ११,७०० रुपये आहे. म्हणजे त्या फेरीत १,७०० रुपयांचा तोटा आला. वर्षात अशा सुमारे १३३ फेऱ्या होतील, व तोटा सव्वादोन लाखांवर जाईल.

हेच दुसऱ्या बाजूने पाहा. दर फेरीस ३,४०० प्रमाणे वर्षात ४,५२,२०० रुपये हाती आले. त्यांतून चालकाचा पगार, विमा व कर मिळून ३,२५,००० गेले. उरले १,२७,२००. वर्षाचे हप्ते ३,८७,००० रुपये. अर्थात २,५९,८०० रुपये कोठून तरी आणावे लागतात. आणि शेतकऱ्याच्या घरी ते शेतातूनच येतात. व्यापारी माणूस असता तर दुसऱ्याच वर्षी हप्ता थकून त्याचे डोळे उघडले असते. शेतकऱ्यास जमिनीचा आधार असतो, म्हणूनच त्याचे डोळे उशिरा उघडतात.

परतीचे भाडे

वरील हिशेबावरून दोन गोष्टी वाचकांच्या ध्यानात येतील. पहिली ही की, बांधीव खर्च ठरलेला असल्यामुळे गाडी जितकी कमी चालेल तितकी ती महाग पडते. हीच गाडी वर्षात २५,००० किलोमीटरच चालली तर किलोमीटराचा खर्च ३९ वरून ४९ रुपयांवर जातो. ६०,००० चालली तर तो ३३ रुपयांवर येतो. तेव्हा केवळ आपल्या घरच्या मालापुरती मोठी मालमोटार घेणे हे बहुधा आतबट्ट्याचेच ठरते. ज्याचा स्वतःचा माल वर्षातून तीसचाळीस फेऱ्यांचाच आहे, त्याने भाड्याची गाडी करावी हेच श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट परतीच्या भाड्याची. वाशीहून येताना दर दोन फेऱ्यांतून एकदा जरी ४,००० रुपयांचे परतीचे भाडे मिळाले, तरी सरासरीने दर फेरीस २,००० रुपये वाढतात. तोटा नाहीसा होऊन फेरीमागे ३०० रुपये नफा दिसू लागतो व हप्ताही जेमतेम भागतो. या धंद्यातील सर्व नफा परतीच्या भाड्यात आहे असे म्हटले तरी चालेल. खत, सिमेंट, पशुखाद्य, किराणा, फरशी असा कोणता माल आपल्या तालुक्यात कोणत्या महिन्यांत येतो व तो कोण मागवितो, याची यादी गाडी घेण्यापूर्वी तयार असली पाहिजे. दलालाच्या कचेरीत जाऊन परतीचे भाडे मिळते खरे, परंतु त्यात दलाली जाते व दिवसही मोडतो. नाशवंत माल उतरवून परतीच्या मालासाठी दोन दिवस थांबल्यास पुढील तोडणीचा भाजीपाला दुसऱ्याच्या गाडीतून जातो, हेही विसरता कामा नये.

खेपवही

हा सर्व हिशेब स्वतंत्र वहीवाचून समजणे अशक्य आहे. गाडीत एक खेपवही ठेवावी व तीत प्रत्येक फेरीचे पुढील रकाने भरावेत: तारीख, कोठून कोठे, निघताना व परतताना मीटरचा आकडा, त्यांपैकी भरलेले किलोमीटर व रिकामे किलोमीटर, माल व काट्यावरील वजन, भाडे, डिझेल लिटर व रुपये, टोल, हमाली व वाराई, इतर खर्च. घरी दुसरी वही ठेवून तीत बांधीव खर्च दरमहा बाराव्या हिश्श्याने लिहावा. विम्याचा हप्ता मार्चमध्ये भरला म्हणून तो मार्चचाच खर्च होत नाही.

याबाबत तीन नियम कटाक्षाने पाळावेत. पहिला, घरचा माल नेला तरी बाजारभावाने भाडे लावून ते शेतीच्या खात्यातून गाडीच्या खात्यात जमा करावे; न केल्यास गाडीचा तोटा शेतीत लपतो किंवा शेतीचा तोटा गाडीत लपतो. दुसरा, मुलाने किंवा भावाने गाडी चालविली तरी चालकाचा पगार खर्चात धरावा. तो शेतात राहिला असता तर त्याच्या जागी मजूर लावावा लागला नसता. त्याचे श्रम फुकटचे नव्हेत. तिसरा, बँकेत गाडीचे खाते निराळे असावे व हप्ता त्याच खात्यातून जावा. ज्या महिन्यात तो शेतीतून भरावा लागेल त्या महिन्यात तेवढी रक्कम ‘शेतीचे उसने’ म्हणून गाडीच्या नावे लिहावी. वर्षाअखेर हे उसने किती झाले एवढा एकच आकडा पाहिला तरी धंद्याची नाडी कळते.

डिझेलचा हिशेब करताना टाकी प्रत्येक वेळी काठोकाठ भरावी व मागील भरण्यापासून झालेल्या किलोमीटरांस आता भरलेल्या लिटरांनी भागावे. हा आकडा नेहमीपेक्षा एकाएकी उतरला तर इंजिन, टायरमधील हवा किंवा माणूस यांपैकी कोठेतरी गळती आहे असे समजावे.

शेतीच्या कामाशी मेळ

जोडधंदा तोच, जो मुख्य धंद्याच्या मोकळ्या वेळात बसतो. भाड्याचा मुख्य हंगाम दिवाळीपासून वैशाखापर्यंत असतो. याच काळात रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या, द्राक्षाची विरळणी, कांद्याची लागण व काढणी, उसाची तोड ही कामे येतात. पावसाळ्यात शेतात खुरपणी चालू असता गाडीला भाडे कमी असते, हा एक मेळ आहे. परंतु ऐन सुगीत गाडी व शेत दोन्ही एकाच वेळी धन्यास हाका मारतात. रात्री गाडी बिघडल्याचा निरोप आला व सकाळी पाण्याची पाळी आहे, अशा वेळी घरात दुसरा जबाबदार माणूस नसेल तर दोहोंपैकी एक काम बुडणारच. एकट्या माणसाने हा धंदा करू नये. दोन भाऊ असून त्यांपैकी एक शेताचा व एक गाडीचा अशी वाटणी ज्या घरी होते, तेथे तो बहुधा नीट चालतो.

उसाची वाहतूक आणि मुकादमाची उचल

दक्षिण महाराष्ट्रात व नगर, सोलापूर या भागांत पुष्कळांची दृष्टी उसाच्या वाहतुकीकडे जाते. साखर कारखान्याचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन साधारणतः चारपाच महिने चालतो. त्या काळात गाडीस रोजचे काम असते व दर टनावर व अंतरावर ठरलेला असतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिल्यास वजन व साखर दोन्ही घटतात, म्हणून कारखान्यासही वाहने हवीच असतात. हे सर्व आकर्षक आहे. परंतु येथे गाडीच्या कर्जाहून मोठी जोखीम एका कागदात असते, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

तोडणी-वाहतुकीचा करार करणाऱ्या वाहनमालकास बहुधा तोडणी मजुरांची टोळीही स्वतःच आणावी लागते. बीड व लगतच्या जिल्ह्यांतील मुकादमाशी बोलणे करून पावसाळ्यातच कोयत्यागणिक उचल द्यावी लागते. कोयता म्हणजे बहुधा पतिपत्नींची जोडी. एका टोळीची उचल लाखांच्या घरात जाते. ही रक्कम कारखान्याच्या हमीवर कर्ज काढून दिली जाते, व कर्ज मात्र वाहनमालकाच्या नावे असते. मुकादम आलाच नाही, किंवा टोळी निम्म्यावर सोडून गेली, तर गाडी उभी राहते व उचल बुडते. अशा फसवणुकीच्या तक्रारी ऊसपट्ट्यात दरसाल होतात. एका मुकादमाने एकाच टोळीवर दोन मालकांकडून उचल घेतल्याचेही प्रकार घडतात. उलट बाजूही सांगितली पाहिजे. उचलीच्या ओझ्याखाली मजूरही पिचतो, आणि ज्या मालकाने त्याचा हिशेब दरपंधरवड्यास समक्ष दाखविला त्याची टोळी सहसा पळत नाही. उचल रोख न देता बँकेमार्फत द्यावी, करारपत्र नोंदवावे, मजुरांची नावे, गावे व ओळखपत्रांच्या नकला घ्याव्यात, आणि आपली संपूर्ण जमीन तारण लागत असेल तर तो करार करू नये. गाडी गेली तर पुन्हा घेता येते. वडिलार्जित जमीन गेली तर परत येत नाही.

कायदा व विमा

आपल्या देशात १९३९ च्या मोटार कायद्यात स्वतःचा माल नेणाऱ्यास खासगी वाहक व भाडे करणाऱ्यास सार्वजनिक वाहक असे दोन निराळे परवाने होते. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला व त्याने मालवाहनासाठी हा भेद ठेवला नाही. या कायद्याच्या कलम ६६ अन्वये मालवाहनास परवाना लागतो. मात्र भारासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या लहान मालवाहनास परवान्यातून सूट आहे. नवशिक्याने अशा लहान गाडीने आरंभ करावा, असे आम्हांस वाटते. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहन हलक्या मोटारीच्या लायसेन्सवर चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरविले आहे. त्यावरील वाहनासाठी त्या वर्गाचे लायसेन्स असलेलाच चालक पाहिजे. लायसेन्सची नक्कल घेऊन व मुदत पाहून मगच किल्ली हाती द्यावी.

विम्याविषयी एक गोष्ट प्रत्येक मालकाने मनात कोरून ठेवावी. गावात लग्न निघाले, यात्रा आली, की लोक गाडी मागण्यास येतात. नाही म्हणणे जड जाते. वऱ्हाड हौद्यात बसते. मालवाहनातून मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांस १९९४ च्या दुरुस्तीने विम्याचे संरक्षण मिळाले आहे. परंतु मालवाहनातून नेलेल्या इतर उतारूंची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. अपघात झाल्यास ती भरपाई मालकाच्या अंगावर येते; आणि एखाद्या प्रकरणी कंपनीने आधी पैसे भरावेत असा हुकूम झाला तरी ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला दिली जाते. प्रश्न केवळ पैशाचा नाही. हौद्यात उभ्या असलेल्या वीसपंचवीस माणसांची गाडी घाटात उलटली, तर मेलेली माणसे आपल्याच गावची असतात. तेव्हा सोयरा असो वा सरपंच असो, हौद्यात माणसे बसवावयाची नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून सर्वांस सांगून ठेवावा.

हाच न्याय ट्रॅक्टर-ट्रॉलीस लागू आहे. शेतीकामासाठी म्हणून विमा उतरविलेल्या ट्रॉलीतून भाड्याने वाळू, विटा किंवा माणसे नेल्यास विम्याची अट मोडते. जुनी मालमोटार घेणाराने मागील कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही, कर व दंड थकले आहेत काय, योग्यतेचा दाखला केव्हा संपतो हे पाहावे, आणि वाहन नावावर होताच विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा.

जादा भाराचा मोह

दोन टन जादा घातले म्हणजे तेवढे भाडे फुकट मिळाले, असा पुष्कळांचा समज असतो. नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक भार आढळल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये व शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि जादा माल उतरविल्यावाचून गाडी पुढे नेता येत नाही. भर उन्हात रस्त्यावर उतरविलेल्या टोमॅटोचे काय होते ते सांगावयास नको. पाटे मोडतात, टायर फुटतात, उतारावर ब्रेक धरीत नाहीत, ते वेगळेच. याखेरीज रस्त्याचाही विचार करावा. अमेरिकेत इलिनॉय संस्थानात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मोठे प्रयोग झाले. त्यांतून असे दिसून आले की, आसावरील भार वाढला म्हणजे रस्त्याची झीज त्या भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. अर्थात भार पाचव्या हिश्शाने वाढविला तर झीज जवळजवळ दुप्पट होते. आपल्या शिवारातील रस्ता आपल्याच गाडीने दोन पावसाळ्यांत फोडावयाचा व मग खड्ड्यांमुळे टोमॅटो फुटतात म्हणून रडावयाचे, यात शहाणपण नाही.

देखभाल

जनावराची जशी सकाळी उठल्याबरोबर पाहणी करतात तशी गाडीची करावी: टायरची हवा गाडी थंड असता पाहणे, इंजिनचे तेल, पाणी, ब्रेक, दिवे, चाकांचे बोल्ट, ताडपत्री व दोर. प्रत्येक टायरचा क्रमांक व तो बसविला त्या वेळचा मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. सहा नियमांच्या बहुतेक मालमोटारींत धुराच्या शुद्धीसाठी युरियाचे एक द्रावण निराळ्या टाकीत घालावे लागते. शेतकऱ्याच्या घरी युरियाची पोती असतात. म्हणून येथे स्पष्ट इशारा देणे अवश्य आहे. हे द्रावण शेकडा साडेबत्तीस शुद्ध युरिया व क्षारविरहित पाणी यांचे असते. शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप दिलेला येतो. तो विहिरीच्या पाण्यात विरघळवून घातल्यास धुराड्यातील महागडे यंत्र निकामी होते. शिवाय अनुदानाचे खत अशा कामी वापरणे कायद्याविरुद्ध आहे.

कराचा प्रश्न

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून गाडीच्या भाड्यावरही तो नसेल असा काहींचा गैरसमज आहे. भाड्याचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न नव्हे. १९६१ च्या आयकर कायद्यात दहापर्यंत मालवाहने असणाऱ्या मालकांसाठी सोपी रीत होती. २०१८ च्या वित्त कायद्याने त्या रीतीत एकूण वजन बारा टनांपर्यंतच्या वाहनास दरमहा ७,५०० रुपये, व त्यावरील वाहनास दर टनामागे दरमहा १,००० रुपये उत्पन्न मानावे असे ठरविले. आपल्या उदाहरणातील गाडी बारा टनांच्या आत धरली तर वर्षाचे मानीव उत्पन्न ९०,००० रुपये होते. प्रत्यक्षात तोटा आला असेल, तर तो सिद्ध करण्यास तपासलेल्या वह्या लागतात. ज्याच्यापाशी वही नाही त्याचा तोटा सरकारदरबारी तोटाच नव्हे. नवा आयकर कायदा २०२५ साली मंजूर झाला असून त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविलेला आहे. तेव्हा चालू वर्षाची तरतूद जाणत्या हिशेबनिसाकडून समजून घ्यावी.

गाडी घ्यावी की न घ्यावी?

वरील विवेचनावरून कोणी असे समजू नये की, हा धंदाच वाईट आहे. गावची गाडी गावात असली म्हणजे तोडणी झालेला माल त्याच रात्री निघतो, दुसऱ्याच्या सोयीने थांबावे लागत नाही, व पहाटेच्या बाजारात पहिला भाव मिळतो. भाड्याचे पैसे रोख येतात, तर उसाचे वर्षातून दोनतीनदा. पाऊस लांबलेल्या वर्षी रोख येणाऱ्या पैशाचे मोल शेतकरीच जाणतो. परंतु हे लाभ ज्याची बैठक पक्की आहे त्यासच मिळतात. आमच्या मते पुढील पाच प्रश्नांस ज्याला मनापासून ‘होय’ म्हणता येईल त्यानेच गाडी घ्यावी:

१. घरचा माल व आधी बोलून ठेवलेले भाडे मिळून वर्षात ४०,००० किलोमीटरांचे काम खात्रीने आहे काय?
२. दर दोन फेऱ्यांत निदान एकदा परतीचे भाडे मिळेल काय, व ते कोण देणार हे नावानिशी सांगता येते काय?
३. शेताकडे पाहणारा एक व गाडीकडे पाहणारा दुसरा, असे दोन माणूस घरात आहेत काय?
४. चौथा हिस्सा भांडवल घरचे असून सहा महिन्यांचे हप्ते निराळे ठेवलेले आहेत काय?
५. कर्जास गाडीच तारण असून जमीन मोकळी राहते काय?

एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असल्यास थांबावे. ज्यांचे तिसऱ्या किंवा चौथ्या प्रश्नाशी अडते त्यांस एक मार्ग आहे. दोघातिघा विश्वासू बागायतदारांनी मिळून एक गाडी घ्यावी. भांडवलाचा, तोट्याचा व फेऱ्यांच्या पाळीचा लेखी करार करावा. व हिशेब एकाने लिहून दुसऱ्याने तपासावा. मैत्री आहे म्हणून कागद नको, असे म्हणणारे शेवटी मैत्री व गाडी दोन्ही घालवितात.

दसरा किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर गाडीस हार घालून दारात आणावी, अशी आपल्याकडे चाल आहे, व ती चांगली आहे. मात्र त्यापूर्वी एक संध्याकाळ काढून घरातील कर्त्या माणसांनी व घरधनिणीनेही एकत्र बसावे, कागदावर वरीलप्रमाणे आपले आकडे घालावेत, आणि शेवटी एक बेरीज करावी: गाडी एक वर्षभर मुळीच चालली नाही, तर हप्ता, विमा व पगार मिळून शेतीतून किती जाईल? ती रक्कम सोसण्यासारखी असेल तर मुहूर्त पाहावा. नसेल, तर तेच पैसे विहिरीत, बांधात व ठिबकात घालावेत.